प्रकाशवेगाजवळचा अंतराळप्रवास आणि माणसाचे वय : कालविस्तारणाच्या अर्थाविषयी काही विचार

प्रस्तावना

विसाव्या शतकातील भौतिकशास्त्राने सर्वसामान्य वाचकाच्या कल्पनाशक्तीला जे धक्के दिले, त्यांत कालविस्तारणाचा क्रमांक बराच वरचा आहे. प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास करून परतलेला माणूस आपल्या समवयस्कांपेक्षा तरुण असेल, हे विधान आता शालेय पाठ्यपुस्तकांपासून चित्रपटांपर्यंत सर्वत्र आढळते. विधान बरोबर आहे. मात्र त्याचे स्पष्टीकरण म्हणून जे सांगितले जाते, ते पुष्कळदा चुकीचे असते. अतिवेगामुळे शरीरातील पेशींच्या क्रिया मंदावतात, हृदय सावकाश चालते, म्हणून प्रवाशाचे वार्धक्य लांबते, अशा आशयाची वाक्ये वाचनात येतात. त्यांतून वेग हे जणू एक रसायन आहे आणि त्याच्या सेवनाने माणसाला अधिक आयुष्य लाभते, असा समज दृढ होतो.

प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी करावयाची आहे. प्रवाशाला एका क्षणाचेही जादा आयुष्य मिळत नाही; बदलते ते त्याच्या आयुष्याचे इतरांच्या आयुष्याशी असलेले प्रमाण, हे येथील मुख्य प्रतिपादन होय. लेख विज्ञानेतर शाखांतील प्राध्यापकांनाही वाचता यावा म्हणून गणिती सूत्रे टाळली आहेत. आकडे मात्र टाळता येण्यासारखे नाहीत.

बंद खोलीचा युक्तिवाद

गॅलिलिओने १६३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या संवादग्रंथात एका जहाजाचे उदाहरण दिले आहे. जहाजाच्या तळाशी असलेल्या बंद खोलीत काही फुलपाखरे आणि पाण्याच्या भांड्यात मासे आहेत. जहाज नांगरलेले असो वा संथ, एकसमान वेगाने चाललेले असो, फुलपाखरांच्या उडण्यात किंवा माशांच्या पोहण्यात काडीचाही फरक पडत नाही. खोलीतील माणसाला जहाज चालले आहे की नाही, हे आतल्या आत कोणत्याही उपायाने ओळखता येत नाही. आईन्स्टाइनने १९०५ मध्ये हेच तत्त्व प्रकाशासह सर्व भौतिक घटनांना लागू केले आणि त्याला प्रकाशाचा वेग सर्व निरीक्षकांना सारखाच आढळतो, या दुसऱ्या गृहीतकाची जोड दिली. या दोहोंतून कालविस्तारण तर्कतःच निष्पन्न होते.

आता पेशी मंदावण्याच्या स्पष्टीकरणाकडे पाहू. समजा, यानात बसलेल्या माणसाचे हृदय वेगामुळे खरोखरच मंद चालू लागले. मग मनगटावरील घड्याळ लावून त्याने नाडी मोजली की ती मिनिटाला ७० ऐवजी ४२ भरेल आणि आपण प्रकाशाच्या आठ-दशांश वेगाने चाललो आहोत, हे त्याला खिडकी न उघडताच कळेल. म्हणजे सापेक्षतेचे मूळ तत्त्वच कोसळेल. घड्याळही तितकेच मंदावले आहे म्हणून नाडी ७० च भरते, असे उत्तर यावर देता येईल. पण मग नाडी, घड्याळ, श्वास, भूक, झोप, केसांची वाढ, किरणोत्सारी अणूंचा क्षय, विचारांची गती हे सारेच एकाच प्रमाणात बदलले असेल, तर त्या माणसाच्या दृष्टीने काय बदलले? काहीच नाही. यानातील बारा वर्षे ही त्याची पूर्ण बारा वर्षे आहेत. त्या काळात त्याचे हृदय सुमारे ४४ कोटी वेळा धडधडेल, तो बारा वर्षांची जेवणे जेवील आणि बारा वर्षांनी म्हातारा होईल. प्रत्येक वस्तू आपल्यासोबत बाळगते त्या काळाला स्वकाल म्हणतात. शरीर याच काळाने वयात येते. दुसरा काळ त्याला ठाऊक नसतो.

आकड्यांत पाहता, हा परिणाम बराच काळ नगण्य राहतो आणि शेवटी एकदम उसळी घेतो. प्रकाशवेगाच्या एक-दशांश वेगाने पृथ्वीच्या हिशेबाने बारा वर्षे प्रवास केला, तर फरक जेमतेम तीन आठवड्यांचा पडतो. आठ-दशांश वेगाला पृथ्वीच्या वीस वर्षांत यानाची बारा वर्षे होतात. ९९ टक्के वेगाला यानाच्या एका वर्षात पृथ्वीची सात वर्षे उलटतात. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांनी १९११ मध्ये बोलोन्या येथील तत्त्वज्ञान परिषदेत जो प्रवासी कल्पिला, त्याचा वेग प्रकाशवेगापेक्षा केवळ वीस हजारांश भागाने कमी होता. जाऊन येण्यात त्याची स्वतःची दोन वर्षे गेली. परतला तेव्हा पृथ्वीवर दोनशे वर्षे लोटली होती.

आपल्याकडे या संदर्भात भागवतातील ककुद्मी राजाची कथा हमखास सांगितली जाते. कन्या रेवतीसाठी वर विचारावयास तो ब्रह्मलोकी गेला, तेथील गायन संपेपर्यंत क्षणभर थांबला, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेली. कथा सुंदर आहे, आणि काळ सर्वत्र सारखा नसावा ही शंका मानवी मनाला किती जुनी आहे, याची ती साक्ष देते. पण तिच्यात वेगाचा संबंध नाही. फरक पडतो तो लोक बदलल्यामुळे. तिला सापेक्षता सिद्धान्ताचा पूर्वपुरावा ठरविण्याने कथेचेही भले होत नाही आणि सिद्धान्ताचेही.

अल्पायुषी कणांची साक्ष

या विषयाच्या प्रायोगिक इतिहासात एका भारतीय शास्त्रज्ञाचा वाटा आहे आणि तो आपल्या वर्गांतून फारसा सांगितला जात नाही. पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारणारे होमी भाभा १९३८ मध्ये केंब्रिज येथे विश्वकिरणांवर काम करीत होते. त्या वर्षी ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिलेल्या एका टिपणात त्यांनी दाखवून दिले की, यूकावा यांनी कल्पिलेला जड कण आपोआप क्षय पावत असल्यामुळे त्याच्याकडे एक घड्याळ म्हणून पाहता येईल. आणि तसे पाहिले की, केवळ सापेक्षतेच्या आधारे, वेगवान कणाचा क्षय होण्यास अधिक काळ लागला पाहिजे, असा निष्कर्ष निघतो. १९४१ मध्ये रोस्सी आणि हॉल यांनी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात निरनिराळ्या उंचींवर विश्वकिरणांतील कण मोजून या परिणामाचा पहिला पुरावा दिला. या कणांना आज आपण म्यूऑन म्हणतो.

म्यूऑनचे सरासरी आयुष्य एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या २.२ पट, म्हणजे २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सुमारे ६६० मीटरच जातो. म्यूऑन तर सुमारे १५ किलोमीटर उंचीवर निर्माण होतात; त्यांपैकी जमिनीपर्यंत जवळजवळ कोणी पोहोचू नये. प्रत्यक्षात ते आपल्या शरीरातून सतत आरपार जात असतात. फ्रिश आणि स्मिथ यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सुमारे १,९०० मीटर उंचीच्या माउंट वॉशिंग्टनवर ठरावीक वेगाचे म्यूऑन मोजले. ते तासाला सुमारे ५६० भरले. काळ सर्वांना सारखाच असता, तर समुद्रसपाटीपर्यंत त्यांतील तीसहून कमी उरावयास हवे होते. उरले सुमारे ४१०.

या प्रयोगाकडे म्यूऑनच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. लेखाचा मुख्य मुद्दा तेथेच दडलेला आहे. आपले आयुष्य वाढले, असे म्यूऑनच्या अनुभवाला कधीच येत नाही. त्याच्या स्वकालाने ते २.२ मायक्रोसेकंदच असते. त्याच्या दृष्टीने वेगाने अंगावर येणारा पर्वतच आखडलेला असतो, १,९०० मीटरऐवजी दोनशे-सव्वादोनशे मीटरचा. आणि एवढे अंतर पार करण्यास त्याचे तुटपुंजे आयुष्य पुरते. एकाने म्हणावे काळ लांबला, दुसऱ्याने म्हणावे अंतर आखडले; खाली किती कण पोहोचले, याविषयी दोघांचे एकमत असते.

१९७७ मध्ये युरोपातील सर्न येथे चौदा मीटर व्यासाच्या वलयात म्यूऑन फिरविण्यात आले. त्यांचे आयुष्य प्रयोगशाळेच्या घड्याळाने सुमारे ६४ मायक्रोसेकंद, म्हणजे २९ पट भरले. या प्रयोगाचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. वर्तुळात फिरणाऱ्या या कणांवरील त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या, एकावर अठरा शून्ये लिहावीत, इतक्या पट होते. तरीही आयुष्यातील वाढ केवळ वेगावरून काढलेल्या उत्तराशी जुळली. त्वरणाने आपल्या पदरचे काहीही त्यात घातले नाही.

माणसाने बनविलेल्या घड्याळांची परीक्षा ऑक्टोबर १९७१ मध्ये झाली. हाफेले आणि कीटिंग यांनी चार सीझियम घड्याळे साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती एकदा पूर्वेकडे आणि एकदा पश्चिमेकडे नेली. पूर्वेच्या फेरीत ती सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेच्या फेरीत २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. पृथ्वीच्या स्वतःच्या फिरण्यामुळे दोन फेऱ्यांतील वेग निराळे ठरतात. शिवाय उंचीवर गुरुत्व कमी असल्याने घड्याळ थोडे जलद चालते. दोन्ही परिणाम धरून केलेले भाकीत निरीक्षणांशी अपेक्षित मर्यादेत जुळले.

जुळ्या बहिणींची पत्रे

वर्गात हा विषय शिकविताना एक प्रश्न हटकून येतो, आणि तो विचारणारा विद्यार्थी हुशार असतो. गती सापेक्ष असेल, तर यानातील बहिणीच्या दृष्टीने पृथ्वीच दूर गेली आणि परत आली. मग पृथ्वीवरची बहीण तरुण का राहू नये? ‘यानाने वळण घेतले, त्याला त्वरण झाले’ एवढे उत्तर देऊन फळ्याकडे वळणे सोयीचे असते. पण सर्नचा प्रयोग पाहता ते अपुरे आहे. त्याऐवजी पत्रांचा हिशेब मांडून पाहावा.

समजा, ताई पृथ्वीवर आहे आणि तिची जुळी बहीण माई आठ प्रकाशवर्षे अंतरावरील ताऱ्याकडे प्रकाशाच्या आठ-दशांश वेगाने निघाली. तेथे पोहोचताच ती वळेल आणि त्याच वेगाने परतेल. पृथ्वीच्या हिशेबाने जाण्यास दहा आणि येण्यास दहा वर्षे. माईच्या हिशेबाने सहा आणि सहा. दोघी आपापल्या प्रत्येक वाढदिवसाला, आपापल्या घड्याळाप्रमाणे, एकमेकींना रेडिओसंदेशाने पत्र पाठवितात. सोयीसाठी माई वाढदिवशीच निघाली असे धरू.

माई दूर जात असताना तिला दर तीन वर्षांनी एक पत्र मिळते, कारण प्रत्येक पत्राला आधीच्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. सहा वर्षांत पत्रे आली दोन. वळताच चित्र पालटते. आता ती येणाऱ्या पत्रांना सामोरी जात आहे. दर चार महिन्यांनी एक पत्र, परतीच्या सहा वर्षांत अठरा. एकूण वीस. ताईचे वय वीस वर्षांनी वाढले, हे माईला पोहोचण्याआधीच मोजून कळलेले असते.

आता ताईच्या दारातून पाहा. तिलाही दूर जाणाऱ्या माईचे पत्र दर तीन वर्षांनीच येते. येथपर्यंत दोघींची स्थिती अगदी सारखी आहे. परंतु माई दहाव्या वर्षी वळली, ही बातमी आठ प्रकाशवर्षे चालून ताईला अठराव्या वर्षी कळते. तोवर अठरा वर्षांत तिला पत्रे मिळाली सहा. उरलेल्या दोन वर्षांत चार-चार महिन्यांनी आणखी सहा. एकूण बारा. कोणाचेही पत्र हरवले नाही, कोणाचा हिशेब चुकला नाही. माईला विरळ आणि दाट पत्रांचे काळ समान वाट्याने आले. ताईला अठरा वर्षे विरळ आणि दोन वर्षे दाट. दोघींमधील असमानता नेमकी येथे आहे.

त्वरणाविषयी एवढेच म्हणता येईल की, वळल्याखेरीज भेट शक्य नाही आणि भेटीखेरीज वयांची तुलना निःसंदिग्ध होत नाही. पुण्याहून नाशिकला दोन गाड्या निघाल्या, एक सरळ रस्त्याने आणि एक नगरमार्गे, तर पोहोचल्यावर त्यांचे मीटर निरनिराळे अंतर दाखवितात. नगरच्या वळणाने जादा किलोमीटर निर्माण केले, असे आपण म्हणत नाही. रस्ताच निराळा होता. अवकाश आणि काळ मिळून होणाऱ्या चौमितीय विश्वात घड्याळ हा असाच मीटर होय. फरक एवढाच की, तेथे वाकडा मार्ग लांब भरत नाही, तोकडा भरतो.

शरीराचे प्रत्यक्ष काय होते?

कालविस्तारणाने शरीराला आतून काही होत नाही, हे मान्य केले की अंतराळात माणसाचे खरोखर काय होते, हा प्रश्न मोकळा होतो. त्याचे उत्तर फारसे उत्साहवर्धक नाही.

स्कॉट केली आणि मार्क केली हे अमेरिकेचे जुळे अंतराळवीर. स्कॉट यांनी २०१५-१६ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ३४० दिवस काढले. मार्क पृथ्वीवर होते. स्थानकाचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर. वेगामुळे तेथील घड्याळ दिवसाला सुमारे २८ मायक्रोसेकंद मागे पडते, आणि उंचीमुळे साडेतीन मायक्रोसेकंद पुढे जाते. ३४० दिवसांचा निव्वळ हिशेब सुमारे आठ मिलिसेकंद. मार्क यांच्यापेक्षा सहा मिनिटांनी धाकटे असलेले स्कॉट तेवढ्याने आणखी धाकटे झाले. रशियाचे ओलेग कोनोनेन्को यांनी २०२४ पर्यंत पाच मोहिमांत मिळून १,१११ दिवस अंतराळात घालविले. त्यांची बचत सुमारे २७ मिलिसेकंदांची.

या तुटपुंज्या नफ्यासमोर खर्चाची बाजू पाहावी. सूक्ष्मगुरुत्वात पुरेसा व्यायाम नसेल, तर नितंबाच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते. पृथ्वीवर वृद्धांमध्ये वर्षभरात होणारी झीज तेथे महिन्यात होते. केली बंधूंवरील अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. स्कॉट यांच्या पांढऱ्या रक्तपेशींतील गुणसूत्रांची टोके, म्हणजे टेलोमिअर, उड्डाणकाळात लांबलेली आढळली. वयानुसार ही टोके आखूड होत असल्याने वृत्तपत्रांनी अंतराळात तारुण्य मिळते असे मथळे देण्याचा संभव होता, आणि काहींनी तो साधलाही. परंतु परतल्यावर ती झपाट्याने आखूड झाली आणि अतिआखूड टोकांचे प्रमाण पूर्वीपेक्षा वाढले. एकाच व्यक्तीवरील निरीक्षणांतून सामान्य नियम काढू नये हे खरेच. पण या बदलांचा कालविस्तारणाशी काही संबंध नाही, हे मात्र निश्चित सांगता येते. आठ मिलिसेकंदांत टेलोमिअर हलत नाहीत.

प्रारणाचा प्रश्न याहून कठीण आहे. क्युरिऑसिटी यानाने २०११-१२ मध्ये मंगळाकडे जाताना केलेल्या मोजणीत प्रारणाची मात्रा दिवसाला सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट आढळली. पृथ्वीवर नैसर्गिक स्रोतांतून सरासरी माणसाला वर्षभरात २.४ मिलिसीव्हर्ट मिळते.

आणि हे सारे संथ प्रवासाचे. प्रवाशाला पृथ्वीइतकेच वजन जाणवावे म्हणून यान सतत पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवीत आणि पुढे कमी करीत गेले, असे मानू. सूक्ष्मगुरुत्वाची अडचण अशा रीतीने सुटते, आणि काळाचा हिशेबही मोहक दिसतो. ४.३७ प्रकाशवर्षे दूर असलेला मित्र तारा प्रवाशाच्या ३.६ वर्षांत गाठता येतो; पृथ्वीवर सहा वर्षे होतात. आकाशगंगेचे केंद्र वीस वर्षांत आणि पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरील देवयानी दीर्घिका एकोणतीस वर्षांत. पुस्तकांतून हे आकडे वारंवार येतात. त्यांच्या शेजारी दोन आकडे मात्र क्वचित असतात.

पहिला ऊर्जेचा. मित्र ताऱ्याच्या प्रवासात मध्यावर वेग प्रकाशाच्या ९५ टक्के होतो. एक किलोग्रॅम वस्तुमानाला हा वेग देण्यास, काहीही वाया जात नाही असे धरूनही, सुमारे ५,५०० कोटी युनिट ऊर्जा लागते. १,९६० मेगावॅट क्षमतेचा कोयना जलविद्युत प्रकल्प अहोरात्र पूर्ण क्षमतेने तीन वर्षांहून अधिक काळ चालला, तर तेवढी वीज होईल. हे फक्त एका किलोचे, आणि इंधनाचे वजन सोडून. दुसरा आकडा अवकाशातील विरळ वायूचा. ताऱ्यांमधील जागेत घन सेंटिमीटरमागे सरासरी एखादा अणू असतो, सूर्याच्या परिसरात त्याहूनही कमी. पण ९५ टक्के वेगाने जाणाऱ्या यानावर हे निरुपद्रवी अणू विश्वकिरण होऊन आदळतात, दर चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला अब्जावधी. काही मीटर जाडीच्या संरक्षक कवचाशिवाय प्रवासी काही सेकंदांतच प्राणघातक मात्रेपर्यंत पोहोचेल. आणि कवचाच्या प्रत्येक किलोला पुन्हा कोयनेची तीन वर्षे. माणूस आजवर सर्वाधिक वेगाने गेला तो १९६९ मध्ये अपोलो-१० मधून परतताना, सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर. प्रकाशवेगाच्या हिशेबात हा सत्तावीस हजारावा भाग आहे.

वय कोणते धरावे?

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी १९२२ मध्ये आईन्स्टाइनशी पॅरिसमध्ये वाद घातला आणि त्याच वर्षी एका ग्रंथात, परतलेला प्रवासी खरोखर तरुण असेल हे नाकारले. घड्याळांच्या बाबतीत ते चुकले, हे वरील प्रयोगांनी ठरविले आहे. परंतु जगलेला काळ आणि मोजलेला काळ यांच्या नात्याविषयीचा त्यांचा आग्रह सर्वस्वी टाकाऊ होता, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. दोन माणसांनी एकत्र काढलेली वर्षे ही केवळ दोन घड्याळांची बेरीज नसते.

आपली सारी व्यवस्था मात्र एकच काळ धरून चालते. जन्मनोंद, मताधिकार, विवाहाचे वय, विम्याचा हप्ता, सेवापुस्तिकेतील जन्मतारीख आणि तिच्यावरून ठरणारा निवृत्तीचा दिनांक, या सर्वांमागे एक वर्ष सर्वांचे सारखेच असते, हे गृहीतक आहे. वीस वर्षांची असताना निघालेली माई बत्तीस वर्षांच्या शरीराने परतेल, तेव्हा कागदोपत्री ती चाळीस वर्षांची असेल. तिला नोकरीसाठी वयोमर्यादा कोणती लावावी, हा प्रश्न कार्यालयीन अधीक्षकाला पडेल. वैद्यकाला तो पडणार नाही, कारण तो नाडी आणि हाडे पाहील. तीस वर्षांची आई आठ वर्षांच्या मुलाला मागे ठेवून याच प्रवासास गेली, तर ती बेचाळिसाव्या वर्षी परतेल आणि दारात अठ्ठावीस वर्षांचा तरुण उभा असेल. त्या मुलाला निघाल्यापासूनच्या पहिल्या अठरा वर्षांत तिची केवळ सहा पत्रे आलेली असतील.